‘पोप चुकत नाहीत, हे पोपनीच ठरवलं ना?’

वसईहून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे:

“ताई, मी सहा वर्षं आमच्या धर्मग्रामात रविवारचा धर्मशिक्षण वर्ग घेते. सातवी-आठवीची मुलं असतात. गेल्या महिन्यात मी फळ्यावर लिहिलं, ‘पोप प्रमादातीत आहेत’ आणि सांगितलं, म्हणजे पोप कधी चुकत नाहीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘टीचर, पोप चुकत नाहीत हे ठरवलं कोणी? पोपनीच ना?’ सगळा वर्ग हसला. मला काही सुचेना. ‘बस खाली, उद्धटपणा नको’ म्हणाले आणि पुढचा धडा काढला. घरी येऊन मोबाइलवर शोधलं तर गोंधळ वाढलाच. कोणी म्हणतं पोप दोनदाच तसं बोलले, कोणी म्हणतं चर्चची सगळीच शिकवण अचूक असते, कोणी गॅलिलिओ काढतं. फाशीबद्दलची शिकवण २०१८ साली बदलली, मग आधीची चूक होती का? मिस्टर म्हणतात, फादरना विचारू नकोस, टीचरच्याच मनात किंतु आहे असं त्यांना वाटेल. पण किंतु आहेच. हल्ली मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपली श्रद्धा सांगणाऱ्या ठरलेल्या ओळी, म्हणताना मी अडखळते. वर्ग सोडून द्यावा का?”

प्रिय टीचर,

वर्ग सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं पत्र लांबणार आहे आणि तुम्ही ते जीव टांगणीला लावून वाचावं असं मला वाटत नाही.

त्या मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. १८७० साली रोममध्ये जमलेल्या कितीतरी बिशपांना जवळपास याच प्रश्नाने छळलं होतं, आणि त्यांच्यातले काही चर्चच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक होते. मागच्या बाकावर बसून तेरा वर्षांच्या पोराला तो सुचला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आधी फळ्यावरचं वाक्य पाहू. ‘पोप प्रमादातीत आहेत’ हे वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट वाक्याने मुलांची दिशाभूल होते. पोप माणूस म्हणून चुकतात. ते पापही करतात, म्हणून पापनिवेदनही करतात, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली देतात. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या महामंदिरात सगळ्यांच्या देखत एका साध्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पापनिवेदन केलं. तो फोटो मुलांना दाखवा. पाठमोरे, पांढऱ्या झग्यातले पोप लाकडी कठड्यापाशी वाकलेले आहेत. अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा तो फोटो जास्त सांगतो.

पेत्राचंच उदाहरण घ्या ना. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता, आणि यरुशलेमहून माणसं आल्यावर भीतीने मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवलं. पहिल्या पोपची चूक आपण गेली दोन हजार वर्षं मिस्सेत वाचतो आहोत. ती झाकावी असं चर्चला कधी वाटलं नाही.

मग ‘प्रमादातीत’ काय? पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (परिषद म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा) १८ जुलै १८७० रोजी जो मजकूर मंजूर केला, त्यात अटी घातलेल्या आहेत. पोप सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने बोलत असले पाहिजेत. आपला सर्वोच्च प्रेषितीय अधिकार ते वापरत असले पाहिजेत. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि संपूर्ण चर्चने ही गोष्ट मानलीच पाहिजे, असा अंतिम निर्णय ते देत असले पाहिजेत. हे सगळं एकत्र जुळलं, तर त्या एका निर्णयात पवित्र आत्मा त्यांना चुकू देणार नाही, अशी आपली श्रद्धा आहे. विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा, रविवारचं प्रवचन, अर्थव्यवस्थेवरची मतं, पोपनी लिहिलेली पुस्तकं यांतलं काहीच त्यात बसत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी येशूच्या जीवनावर पुस्तक लिहिलं, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलं आहे की हे अधिकारवाणीने केलेलं लेखन नव्हे आणि ज्याला वाटेल त्याने मला खोडून काढावं.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येते.

८ डिसेंबर १८६९ रोजी सुमारे सातशे बिशप संत पेत्राच्या महामंदिरात जमले. उजव्या बाजूच्या दालनात बाकं मांडली होती. तिथे आवाज इतका घुमायचा की लॅटिनमधली भाषणं कित्येकांना धड ऐकूच यायची नाहीत. हिवाळा गेला, वसंत गेला, रोमचा उन्हाळा सुरू झाला. म्हातारे बिशप उकाड्याने हैराण झाले. सभा बोलावणारे पोप पायस नववे यांना हा ठराव हवा होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते लपवण्यात काही अर्थ नाही. (पायस नववे तुमच्या मुलांना परके नाहीत. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना १८६२ साली संत म्हणून जाहीर केलं ते यांनीच.)

विरोधही कमी नव्हता. रॉटेनबुर्गचे बिशप हेफेले हे परिषदांच्या इतिहासातले जाणकार. त्यांनी पोप होनोरियुसचं प्रकरण पुढे आणलं. ख्रिस्ताची इच्छाशक्ती एक की दोन, या वादात होनोरियुसने सातव्या शतकात एक घोटाळ्याचं पत्र लिहिलं, आणि त्याच्या मरणानंतर ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचा नाव घेऊन धिक्कार केला. एका परिषदेने ज्या पोपला दोषी ठरवलं, त्याच पदाला आपण प्रमादातीत कसं म्हणायचं? ठरावाच्या बाजूचे म्हणाले, होनोरियुसने खाजगी पत्र लिहिलं, सगळ्या चर्चसाठी निर्णय दिला नव्हता. हा वाद झाला नसता तर अटी इतक्या काटेकोर झाल्या नसत्या, असं मला वाटतं. विरोधकांनी चर्चवर केलेला हा उपकार आहे, आणि तो आपण वर्गात कधीच सांगत नाही.

१३ जुलैला चाचणी मतदान झालं. ४५१ बाजूने, ८८ विरुद्ध, आणि ६२ जणांनी ‘दुरुस्ती करा, मग मान्य’ असं म्हटलं. अंतिम मतदानाच्या आदल्या दिवशी पंचावन्न बिशपांनी पोपना पत्र लिहिलं. आमचं मत बदललेलं नाही, पण तुमच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचं धाडस होत नाही, म्हणून आम्ही परत जातो, अशा अर्थाचं. १८ जुलैच्या सकाळी रोमवर वादळ घोंघावत होतं. एकेका बिशपाचं नाव पुकारलं जात होतं आणि वर विजा कडाडत होत्या. शेवटी इतका काळोख झाला की पोपना मजकूर वाचता यावा म्हणून मेणबत्ती धरावी लागली. ५३३ जण ‘मान्य’ म्हणाले. दोघं ‘अमान्य’ म्हणाले, त्यांतले एक इटलीचे आणि दुसरे अमेरिकेतल्या लिटल रॉकचे बिशप फिट्झगेराल्ड. त्या दोघांनीही त्याच सभेत, ठराव जाहीर झाल्यावर, तो स्वीकारला. दुसऱ्या दिवशी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, सप्टेंबरमध्ये इटालियन सैन्य रोममध्ये शिरलं, आणि परिषद अर्धवटच थांबली.

म्हणून मुलाला सरळ सांगा: नाही बाळा, एकट्या पोपनी नाही ठरवलं. जगभरच्या बिशपांनी महिनोन्‌महिने भांडून, कडू-गोड मतं नोंदवून ठरवलं. त्यात पोपचा आग्रह होता हेही सांगा. लपवलंत तर तो चार वर्षांनी दुसरीकडे वाचेल आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरही त्याचा भरवसा राहणार नाही.

पण हा मुलगा हुशार आहे, तो इथे थांबणार नाही. तो विचारेल, मग बिशपांना तरी ठरवायचा हक्क कोणी दिला? तेव्हा तुम्ही मागे मागे जाल. एकत्र जमलेलं चर्च श्रद्धेच्या बाबतीत भरकटत नाही, ही समजूत १८७० च्या कितीतरी आधीची. ३२५ साली निकेयात बिशप जमले, कारण आरियुस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, पित्यापेक्षा खालचा. तिथे ठरलं की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. ज्या अंगीकारात तुम्ही अडखळता, त्यातल्या ओळी तिथल्या आहेत. २०२५ साली त्यांना १७०० वर्षं झाली. त्याच्याही मागे गेलात तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करावी का, हा वाद मिटवायला प्रेषित यरुशलेमात जमतात, आणि त्यांच्या पत्रात पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं, असे शब्द येतात. केवढं धाडसाचं वाक्य आहे ते! आणि सगळ्यात मागे येशूचा पेत्राला दिलेला शब्द: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. हे तो कोणाला सांगतो आहे? त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणार होता त्याला.

सगळी साखळी या वचनापाशी येऊन थांबते. त्यापुढे पुरावा नाही, भरवसा आहे. नगरकडचे आपले प्रोटेस्टंट बांधव हेच वचन वाचतात आणि त्यातून पोपचा असा अधिकार निघत नाही म्हणतात. ऑर्थोडॉक्स चर्च पहिल्या सात परिषदा मानतं, पण १८७० चा ठराव मानत नाही. ती मंडळी मूर्ख नाहीत. ‘आपण कॅथलिक या वचनाचा अर्थ असा घेतो आणि त्यावर विसंबतो’, एवढं सांगितलंत तर तुम्ही खरं बोललात.

आता मला ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे ती. शिकवण अचूक ‘बनते’ कशी? लोकांना वाटतं वरून फर्मान सुटतं. माझे मामा पणजीला असायचे, त्यामुळे लहानपणी ८ डिसेंबरला आम्ही तिथे असायचो. त्या पांढऱ्याशुभ्र चर्चच्या नागमोडी पायऱ्या, खाली फेस्ताची दुकानं, चण्यांच्या पुड्या, आणि पायरी-पायरीवर दम खात चढणारी माझी आजी. फेस्त निष्कलंक गर्भसंभव मातेचं. मरिया आपल्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासून मूळ पापापासून (आदामापासून सगळ्या माणसांना लागलेल्या पापापासून) मुक्त होती, ही ती श्रद्धा. (बरेच जण हे येशूच्या जन्माबद्दल आहे असं समजतात, वर्गात एकदा विचारून बघा.) पणजीचं ते चर्च सोळाव्या शतकातलं. आणि ही गोष्ट श्रद्धासत्य म्हणून जाहीर झाली १८५४ साली. म्हणजे आपली गोव्याची माणसं तीनशे वर्षं तिथे मेणबत्त्या लावत होती, तेव्हा रोमने शेवटचा शब्द उच्चारलेलाच नव्हता.

आणि वाटेत भांडणं किती! बाराव्या शतकात लियोंच्या धर्मगुरूंनी हा सण सुरू केला म्हणून क्लेअरव्होचे संत बर्नार्ड त्यांच्यावर रागावले. हेच बर्नार्ड मरियेचे थोर भक्त. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनाही हे मत पटलं नाही. सगळ्यांना तारणारा ख्रिस्त, मग मरियेला तारणाची गरजच नव्हती असं होईल ना, ही त्यांची अडचण. मग फ्रान्सिस्कन डन्स स्कोटस यांनी वाट काढली: पडलेल्याला उचलणं हे तारण, आणि पडण्याआधीच धरणं हे त्याहून मोठं तारण. त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि थॉमस यांचा डॉमिनिकन, या दोन संन्यासी संघांची इतकी जुंपली की पोप सिक्स्टस चौथे यांना पंधराव्या शतकात सांगावं लागलं, एकमेकांना पाखंडी म्हणू नका. त्यांनी निकाल दिला नाही. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेनेही दिला नाही. १८४९ साली क्रांतीमुळे रोम सोडून गाएतात आसरा घेतलेल्या पायस नवव्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवलं: तुमच्याकडचे धर्मगुरू आणि लोक काय मानतात, तुम्हाला काय वाटतं? ६०३ जणांकडून उत्तरं आली, ५४६ बाजूने. त्यानंतर पाच वर्षांनी घोषणा. बर्नार्डपासून मोजलं तर सातशे वर्षं.

ज्याला आपण ‘घोषणा’ म्हणतो, ती पोपनी नवी भर घालणं नव्हे. चर्च जे आधीपासून धरून आहे, ते शंका उरणार नाही अशा शब्दांत सांगणं, हे त्यांचं काम. १८७० चा मजकूरही हेच म्हणतो: पेत्राच्या वारसांना पवित्र आत्म्याचं वचन मिळालं ते नवी शिकवण काढायला नाही, प्रेषितांकडून आलेला ठेवा सांभाळायला. त्याच मजकुरात अशा निर्णयांना चर्चच्या संमतीची गरज नाही असंही एक वाक्य आहे, आणि त्यावरून फार गैरसमज झाले. त्याचा रोख असा, की पोपनी निर्णय दिल्यावर तो कुणी दुसऱ्यांदा मंजूर करण्याची वाट बघायची नाही. आधी कोणाला विचारायचंच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

१९५० साली मरियेच्या स्वर्गोन्नयनाची घोषणा झाली तेव्हाही पायस बारावे यांनी चार वर्षं आधी सगळ्या बिशपांचं मत मागवलं होतं. आपल्याकडे १५ ऑगस्टला सकाळी मिस्सा होते आणि मग अंगणात झेंडा चढतो, त्यामुळे हा सण मुलांच्या चांगला लक्षात असतो. त्यांना एक गंमत दाखवा. मरिया मरण पावली की मरणाशिवायच स्वर्गात गेली, हा जुना वाद. घोषणेत शब्द काय आहेत? ‘पृथ्वीवरचं जीवन पूर्ण करून’ ती देहासह, आत्म्यासह स्वर्गीय वैभवात घेतली गेली. मेली असंही नाही, मेली नाही असंही नाही. जेवढं चर्चने एकमुखाने धरलं होतं तेवढंच बांधलं, बाकीचं मोकळं ठेवलं. हा संयम मला फार भावतो.

१८७० नंतर पोपनी हा अधिकार वापरल्याचं सर्वमान्य उदाहरण हे एकच. १९५० पासून आजच्या लिओ चौदाव्यांपर्यंत कोणीही तो पुन्हा वापरलेला नाही. १८५४ धरून दोन. काही अभ्यासक मध्ययुगातली एक-दोन घोषणापत्रं यात मोजतात, म्हणून मोबाइलवर आकडे वेगवेगळे दिसतात.

पण ‘दोनदाच’ म्हणणारेही पूर्ण बरोबर नाहीत. पोपची अशी घोषणा हा एक मार्ग. परिषदेचा निर्णय हा दुसरा, आणि निकेयापासून ट्रेंटपर्यंत बरीच श्रद्धासत्यं त्या वाटेने आली. तिसरा मार्ग शांत आहे, म्हणून तो दिसत नाही: जगभर विखुरलेले बिशप, एकमेकांशी आणि पोपशी ऐक्यात राहून, एखादी गोष्ट अंतिम म्हणून एकमताने शिकवत आले असतील तर तीही तितकीच पक्की, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितलं. त्याच दस्तऐवजात असंही आहे की बिशपांपासून शेवटच्या श्रद्धावंतापर्यंत सगळी प्रजा जेव्हा श्रद्धेविषयी एकमत दाखवते, तेव्हा ती चुकत नाही. शेवटच्या श्रद्धावंतात माझी पायऱ्या चढणारी आजीही आली.

वादाची खरी जागा हा तिसरा मार्ग आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली लिहिलं की स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही आणि हे सर्वांनी निश्चित मानावं. ही १९५० सारखी घोषणा नव्हती. पण पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने सांगितलं की ही शिकवण बिशपांच्या सार्वत्रिक अध्यापनातून प्रमादातीतपणे शिकवली गेली आहे. कित्येक धर्मपंडित विचारतात की तसं एकमत होतं हे दाखवलं कुठे? हा आग्रह हवेतला नाही. चर्चच्याच कायद्यात, कलम ७४९ मध्ये लिहिलं आहे: एखादी शिकवण प्रमादातीतपणे निश्चित झाल्याचं स्पष्टपणे सिद्ध होत नसेल, तर ती तशी झाली आहे असं समजू नये. हे कलम वहीत लिहून ठेवा. घरात, व्हॉट्सअॅपवर, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत कोणी ‘हे प्रमादातीत आहे, गप्प बसा’ म्हणालं, तर सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर आहे.

फाशीचं आता सोपं होईल. जुन्या धर्मशिक्षणग्रंथात फाशीला काही प्रसंगी वाव होता, ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते कलम बदलून ती अस्वीकार्य ठरवली. आधीचा मजकूर श्रद्धासत्य म्हणून कधी बांधलेला नव्हता, म्हणून तो बदलता आला. संततिनियमनावरचं १९६८ चं परिपत्रक जाहीर करताना व्हॅटिकनच्याच प्रतिनिधीने पत्रकारांना सांगितलं होतं की हे प्रमादातीत विधान नाही. पुढे काही धर्मपंडितांनी उलट मांडणी केली, तो वाद चालूच आहे. अशी शिकवणही आदराने ऐकायची असते, मनात घोळवायची असते, आवडली नाही म्हणून फेकून द्यायची नसते. पण ती आणि ‘येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे’ हे एका पायरीवर नाहीत.

गॅलिलिओबद्दल मात्र जरा थांबते. त्याला १६३३ साली शिक्षा दिली ती रोमच्या धर्मन्यायालयाने. ती प्रमादातीत घोषणा नव्हती हे खरं आहे. पण ‘ते प्रमादातीत नव्हतंच’ एवढं बोलून आपली माणसं हात झटकतात ते मला सहन होत नाही. गुडघ्यावर बसून त्या सत्तरीच्या माणसाला आपलं संशोधन नाकारावं लागलं. लहान मुलांवरचे अत्याचार झाकणारे बिशपही काही प्रमादातीत अधिकारात वागत नव्हते, पण म्हणून त्या मुलांचं दुःख कमी झालं का? चर्चला एका अरुंद जागी चुकीपासून राखलं जातं, आणि त्या जागेबाहेर चर्च चुकतं, कधी भयंकर चुकतं. दोन्ही सांगा.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहिते त्याला कारण आहे. मी नऊ वर्षांची असताना माझ्या मावशीचं बाळ जन्मल्यावर तासाभरात गेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं की अशी बाळं लिंबोत जातात, तिथे दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही. मी विचारलं, मग मावशी त्याला कधीच भेटणार नाही का? मला सांगण्यात आलं, चर्चची शिकवण आहे, प्रश्न विचारायचा नाही. मी ते मावशीला सांगितलं नाही. पण तिला ते आधीच कोणीतरी सांगितलेलं होतं. दर वर्षी त्या तारखेला ती मिस्सेला जाऊन मागच्या बाकावर बसायची आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायला उठायची नाही.

लिंबो हे श्रद्धासत्य कधीच नव्हतं. धर्मपंडितांनी शतकानुशतकं मांडलेलं ते एक मत होतं. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडित आयोगाने, पोप बेनेडिक्ट यांच्या संमतीने, लिहिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत. तोवर मावशी गेलेली होती. जे मत होतं ते तिला अटळ सत्य म्हणून सांगितलं गेलं, आणि तिने ते चाळीस वर्षं वाहिलं.

म्हणून म्हणते, काय पक्कं आहे, काय आदराने स्वीकारायचं आहे आणि काय नुसतं प्रचलित मत आहे, हा फरक धर्मशिक्षण देणाऱ्याला माहीत हवा. तुमच्या मनात किंतु आला तो या फरकाच्या शोधात आला. त्याने तुमचा विश्वास गेला असं मी मानत नाही. अडखळता त्या जागी अडखळा. पण घाईने शब्द उरकू नका. ‘पित्याशी एकतत्त्व’ हे शब्द टिकावेत म्हणून संत अथनासियुस पाचदा हद्दपार झाले होते, ते हळूच म्हणायला हरकत नाही.

फादरना जरूर विचारा. मिस्टरांची भीती मी समजू शकते, पण ‘मला पहिल्या व्हॅटिकन परिषदेचा मूळ मजकूर मुलांना समजावायचा आहे, मदत कराल का?’ असं गेलात तर बहुतेक फादरना आनंदच होईल. आणि नाही झाला, तरी प्रश्न विचारणं हे पाप नाही.

येत्या रविवारी फळ्यावर तेच वाक्य पुन्हा लिहा आणि त्यापुढे मुलांकडूनच अटी भरून घ्या. त्याआधी त्या मुलाला उभं करा. सगळ्यांच्या देखत म्हणा, तुझा प्रश्न बरोबर होता, मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी तुला खाली बसवलं, माझी चूक झाली. मग त्याला प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारायला लावा आणि वादळाच्या सकाळची गोष्ट सुरू करा. फिट्झगेराल्ड यांचं नाव विसरू नका, ते त्याला आवडतील. तो पुढे काय विचारतो, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई